लेखणीची साक्ष

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया हा जेमतेम पंचवीस लाख वस्तीचा, एका नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला चिंचोळा देश. तेथील 'द पॉइंट' या पत्राचे संपादक डेडा हैदरा १६ डिसेंबर २००४ च्या रात्री दोन सहकारी भगिनींना घरी पोहोचविण्यासाठी मोटार हाकीत असता त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हैदरा ठार झाले, दोघी भगिनी जखमी झाल्या. पत्राला त्याच दिवशी तेरा वर्षे पुरी झाली होती!

हैदरांचा अपराध कोणता? 'गुड मॉर्निंग मिस्टर प्रेसिडेंट' या आपल्या सदरातून ते राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांस प्रश्न विचारीत. १९९४ साली लष्करी बंड करून गादी बळकावणाऱ्या जामे यांस प्रश्नांची सवय नव्हती. खुनाच्या दोनच दिवस आधी तेथील विधिमंडळाने मुद्रणस्वातंत्र्याचा गळा आवळणारे कायदे संमत केले होते. पत्रमालकाने भरावयाचा जामीन एक लाख दलासींवरून पाच लाखांवर नेला, अब्रुनुकसानीच्या लिखाणास तुरुंग ठरविला. या कायद्यांविरुद्ध दाद मागण्याचा हैदरांचा निर्धार होता. आधी कायद्याचा फास, मागून गोळी! जुलमाचा हा क्रम आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावा.

पुढे काय झाले? तपासाचे नाटक झाले. गुन्हेगार सापडला नाही. 'डेली ऑब्झर्व्हर'चे वार्ताहर एब्रिमा माने यांस २००६ साली पकडून नेले, ते परतलेच नाहीत. त्यांस मुक्त करा, असा हुकूम पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने २००८ साली दिला, तो सरकारने धाब्यावर बसविला. हैदरांच्या खुनाचा नीट तपास झाला नाही, असा ठपका त्याच न्यायालयाने २०१४ साली ठेवला, त्याचीही तीच गत झाली.

परंतु जे न्यायासनाला साधले नाही ते वार्ताहरांनी साधले. जामे यांच्या खास मारेकरी टोळीचा एक मोटारचालक, बाय लोवे, देशाबाहेर पळाला होता. २०१३ साली परदेशातील गांबियन पत्रकारांच्या नभोवाणीवर त्याने या खुनाची हकिकत सांगितली. तीच मुलाखत पुढे पुरावा ठरली! 'आपण केवळ ऐकीव गोष्टी सांगितल्या', हा त्याचा बचाव टिकला नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जर्मनीतील सेल येथील न्यायालयाने त्यास जन्मठेप ठोठावली. तत्पूर्वी, २०१९ साली, सत्यशोधन आयोगापुढे एका सैनिकाने या खुनातील आपला सहभाग उघड कबूल केला, तोही सर्व राष्ट्राच्या डोळ्यांदेखत.

खून गांबियात आणि न्याय जर्मनीत, हा कसला न्याय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. मोटार हाकणारा गजाआड गेला. पण ज्यांच्या हुकमाने हे घडले असे आयोगाने म्हटले, ते जामे २०१६ ची निवडणूक हरल्यावर जानेवारी २०१७ मध्ये इक्वेटोरियल गिनीत जाऊन राहिले. त्यांच्यावर खटला भरावा, ही शिफारस २०२१ च्या अहवालात आहे. अशा गुन्ह्यांसाठी खास न्यायाधिकरण स्थापण्यास राष्ट्रसमूहाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. त्या न्यायासनापुढे हुकूम देणारा उभा राहील, तेव्हाच हा न्याय पुरा झाला असे आम्ही म्हणू. हाताला शिक्षा आणि डोक्याला अभय, हा न्याय नव्हे.

तथापि एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली आहे. न्यायालये दबली, पोलीस विकले गेले, तरी कोणीतरी तारीख, वार, नाव लिहून ठेवले पाहिजे. आज ती नोंद निरुपयोगी भासेल. एकोणीस वर्षांनी तीच साक्षीला उभी राहते. हैदरांच्या मागे 'द पॉइंट' बंद पडले नाही, हे त्यांच्या मारेकऱ्यांस मिळालेले पहिले उत्तर होते. दुसरे उत्तर सेलच्या न्यायालयाने दिले. तिसरे देण्याचे ऋण अजून गांबियाच्या शिरावर आहे.