छपरावरील ऊन व कोपऱ्यांतील बॅटरी

छपरावर सौर पॅनेल बसविलें म्हणजे आपलें काम संपलें, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. ती आम्हांस मान्य नाहीं. ऊन फुकट खरें; पण तें रात्रीसाठीं सांठविणारी बॅटरी फुकट मिळत नाहीं, आणि हयगय झाल्यास तीच प्रथम निकामी होते.

शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. तिच्यांतून वीज घेतांना शिशाच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो; ती भरतांना तो निघून जातो. मात्र बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली, तर हा थर कठीण होऊन चिकटून बसतो. पावसाळा घात करितो तो येथेंच. आभाळ चार दिवस झांकलेलें, आणि घरांत पंखा, दिवे, टेलिव्हिजन पूर्ववत् चालूच! १२ व्होल्टची बॅटरी कांहीं वेळ विसावल्यावर सुमारें १२.७ व्होल्ट दाखवील, तर ती भरलेली, १२.२ वर आली कीं निम्मी रिती झाली असें समजून हात आंखडावा. अशा रात्रीं अभ्यासाचा दिवा तेवढा ठेवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. मालिका चुकल्याचा घरच्या मंडळींस राग येईल; येईल तर येवो.

पाण्याविषयीं तर विलक्षण अनास्था दिसते. बुचांच्या बॅटरींत डिस्टिल्ड वॉटरच घालावें. विहिरीच्या वा नळाच्या पाण्यांतील क्षार पत्र्यांस बाधतात. पत्रे उघडे पडले नसतील, तर पाणी बॅटरी भरल्यावर घालावें; आधीं घातल्यास आम्ल वर येऊन सांडतें. हें काम वडील माणसांचें. भरतांना हायड्रोजन वायु निघतो, म्हणून खिडकी उघडी असावी व जवळ मेणबत्ती वा निरांजन नसावें. पाणी घातल्याची तारीख मात्र मुलांनीं वहींत टिपून ठेवावी.