‘वर्डप्रेस बदलू या’ म्हणणाऱ्यांना

वर्डप्रेस या प्रणालीवर चालणारी संस्थेची साइट बंद पडली की कार्यकारिणीच्या बैठकीत एक वाक्य हमखास येते : ‘हे वर्डप्रेसच भिकार आहे, दुसरे काहीतरी घेऊ.’ सगळ्यांना ते पटते, कारण त्यात हजर असलेल्या कोणाकडेच दोष येत नाही. मग एक जण द्रुपल या तशाच दुसऱ्या प्रणालीचे नाव घेतो, दुसऱ्याचा भाचा ‘अगदी आपल्यापुरती’ प्रणाली लिहून द्यायला तयार असतो आणि खजिनदार विचारतात, फेसबुकचे पान असताना साइट हवीच कशाला? या तिन्ही सूचना मला अमान्य आहेत.

वर्डप्रेसची वकिली करायला मात्र मी बसलेलो नाही. त्याचे दोष खरे आहेत आणि मराठीत काम करणाऱ्याला ते जास्तच बोचतात. एकच पाहा. ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई आणि टँकरचे राजकारण’ असे शीर्षक देऊन लेख टाका. वर्डप्रेस त्या लेखाचा पत्ता आपोआप तयार करते, तो असा : ‘महाराष्ट्रातील-पाणीटंचा’. पुढचे सगळे गायब; टंचाईतली ‘ई’सुद्धा वाचली नाही. या पत्त्यासाठी डेटाबेसमध्ये २०० घरांची जागा राखलेली असते. इंग्रजी अक्षर त्यातले एकच घर अडवते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, आणि पत्त्यात लिहिताना दर बाइटला ३ घरे लागतात. म्हणजे एका चिन्हाला ९. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांची मोजणी वेगवेगळी. २२ चिन्हांत जागा संपते आणि त्यातली १४ ‘महाराष्ट्रातील’ या एका शब्दानेच खाल्लेली असतात. याच शब्दांनी सुरू होणारे शीर्षक देऊन दुसरा लेख टाकला की त्याच्या पत्त्याला ‘२’ची शेपटी लागते. ही मर्यादा घालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मराठी शीर्षक नव्हते, हे उघड आहे.

दुसरा दोष स्वभावाचा. ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षे एका सरळ चौकटीत लिहिणाऱ्यांच्या पुढ्यात ठोकळ्यांचा संपादक येऊन पडला. परिच्छेद म्हणजे एक ठोकळा, चित्र दुसरा, अवतरण तिसरा. मांडणी करणाऱ्याची सोय झाली. ज्याला नुसते लिहायचे होते त्याची पंचाईत झाली. विरोध इतका झाला की जुना संपादक परत आणणारे प्लगइन लाखो साइटवर बसवले गेले आणि काही मंडळींनी क्लासिकप्रेस नावाची वेगळी चूलच मांडली. २०२४ मध्ये तर वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांचे भांडण कोर्टात गेले. त्या भांडणात डब्ल्यूपी इंजिनचा वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचा प्रवेश बंद झाला आणि तिच्या ग्राहकांच्या साइटची नेहमीची अपडेट्स अडली. मुक्त म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या किती थोड्या हातांत आहेत, ते तेव्हा जगाला दिसले.

यावर भक्तमंडळींचे उत्तर ठरलेले आहे : धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. हे उत्तर चुकीचे आहे. वर्डप्रेस २००३ मध्ये जन्मले तेच मुळी बी-टू नावाच्या रखडलेल्या सॉफ्टवेअरचा कोड उचलून, आणि तो उचलता आला कारण त्याचा परवाना जीपीएल होता. तो परवाना दात मोजायचाच नव्हे, किडलेला दात काढायचाही हक्क देतो. तक्रार करणे हा कृतघ्नपणा नव्हे.

मग बदलायला हरकत काय? हरकत अशी की बैठकीत ज्या दुखण्यावर हे औषध सुचवले जाते, ते दुखणेच वेगळे असते. ‘वर्डप्रेस हॅक होते’ म्हणून द्रुपलकडे जाणाऱ्यांनी ऑक्टोबर २०१४ आठवावा. द्रुपलमधली एक मोठी फट १५ तारखेला जाहीर झाली आणि दुरुस्तीही त्याच दिवशी आली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितले की ज्यांनी घोषणेनंतर ७ तासांच्या आत दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपली साइट फुटली असेच धरून चालावे. सात तास! आपल्या संस्थेत साइटचा पासवर्ड कोणाकडे आहे हे शोधायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

वर्डप्रेस लहान सुरक्षा-दुरुस्त्या २०१३ पासून आपणहून बसवते. तरीही साइट फुटतात, याचे कारण बहुधा जुनाट प्लगइन असते किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड. ‘अपडेट केले की बिघडते, हात लावू नका,’ असे साइट करून देणाऱ्यानेच बजावलेले असते. बिघडते हे खरे. का बिघडते ते तो सांगत नाही. त्याने थीमच्या मूळ फाइलींतच खाडाखोड केलेली असते. थीमची नवी आवृत्ती आली की ती सगळी पुसली जाते. असे बदल वेगळे ठेवण्यासाठी चाइल्ड थीमची सोय आहे. ती वापरायला थोडी जास्त मेहनत पडते, इतकेच. वर स्लायडरला एक प्लगइन, फॉर्मला दुसरे, बर्फ पडताना दाखवायला तिसरे. प्रत्येकाचा कर्ता वेगळा, आणि त्यातले काही जण ते प्लगइन कधीच सोडून गेलेले असतात. हा पसारा आपण मांडला.

‘साइटवर शोध चालत नाही’ ही तक्रारही अशीच अर्धी. ‘ॲप’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ॲ’ एक अखंड चिन्ह म्हणून टंकता येतो किंवा ‘अ’वर चंद्र चढवून. अखंड ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचा मजकूर चंद्र चढवलेला आणि पुढचा सरमिसळ. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला नाहीत. जुना मजकूर एकदा बसून एकसारखा करून घ्यावा लागतो. प्रणाली बदलल्याने यात काडीचाही फरक पडत नाही.

भाच्याच्या प्रणालीबद्दल थोडे कडक बोलतो, कारण तो मार्ग सर्वांत घातक आहे. मराठी जगताने तो एकदा चोखाळलेला आहे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्या वृत्तपत्रांच्या साइट स्वतःचा फॉन्ट उतरवून घ्यायला लावत. आत मजकूर देवनागरी नसायचाच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट गेला की पानावर उरायची ती अक्षरांची खिचडी. पत्रकारांचे कष्ट वाया गेले ते असे. भाचा आज युनिकोड वापरेल, मान्य. पण त्याची डेटाबेसची रचना त्यालाच ठाऊक, आणि दोन वर्षांनी तो नोकरीसाठी बंगळूरला जाईल. वर्डप्रेस जाणणारा माणूस पुण्यात मिळतो आणि परभणीतही. भाच्याची प्रणाली जाणणारा जगात एकच असतो. फेसबुकबद्दल एवढेच : तिथे दहा वर्षांपूर्वीचे निवेदन शोधून दाखवा.

माझे म्हणणे साधे आहे. कौलारू घर घेतले की दर पावसाळ्याआधी ते शाकारावे लागते, आणि घरमालकाने तो खर्च धरलेला असतो. आपल्या संस्था साइट ‘एकदा करून घेतात’ आणि ताळेबंदात पुढे तिचे नावही दिसत नाही. साइटला नेमून दिलेला एक माणूस आणि वार्षिक तरतूद हवी. अपडेट आधी साइटच्या प्रतीवर करून पाहावे आणि मग खऱ्या साइटवर. न वापरलेले प्लगइन नुसते बंद न ठेवता काढून टाकावे. डोमेन संस्थेच्या नावावर असावे. ते साइट करून देणाऱ्याच्या नावावर राहिल्यामुळे एका वाचनालयाला आपलाच पत्ता पैसे मोजून परत घ्यावा लागलेला मी पाहिला आहे. आणि २०० घरांसारखा खरा दोष आढळला, तर बैठकीत चरफडण्याऐवजी वर्डप्रेसच्या तक्रार-नोंदीत उदाहरणासह लिहावे. मराठी शीर्षकाचे दुखणे मराठी माणसाने सांगितले नाही, तर ते कोण सांगणार?

एवढे करूनही प्रणाली बदलावीशी वाटली तर जरूर बदला. पण त्याआधी ॲडमिनमध्ये जाऊन साधनांखालचे ‘निर्यात’ दाबा आणि येणारी फाइल उघडून आपले मराठी वाचता येते का ते पाहा. त्या फाइलीत फोटो येत नाहीत, त्यांचे पत्ते तेवढे येतात. फोटोंसाठी सर्व्हरवरचे अपलोड्सचे फोल्डर वेगळे उतरवून घ्यावे लागते.