बोलणाऱ्याचे पुढे काय होते

कामातली चूक, धोका किंवा वरिष्ठांच्या निर्णयातली उणीव दिसत असूनही कर्मचारी गप्प राहतो, त्यामागे सहसा दोन कारणे असतात. पहिले भीतीचे: साहेब डूख धरतील, वार्षिक मूल्यमापनात त्याची वसुली होईल, बढतीच्या वेळी नाव मागे पडेल. दुसरे निराशेचे: मागे सांगितले होते, काहीच झाले नाही, मग पुन्हा तोंड कशाला उघडायचे? सूचनापेटी टांगून यातले एकही कारण दूर होत नाही. बोलणाऱ्याचे आणि त्याच्या बोलण्याचे पुढे काय होते, हे सहकारी पाहत असतात आणि त्यावरूनच आपण बोलायचे की नाही हे ठरवतात.

हा धडा विमान वाहतुकीने मोठी किंमत देऊन घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व ९२ जण दगावले. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी वेगळा लावला होता. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान अशाच गैरसमजातून तिथेच थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ही माहिती इतर कंपन्यांपर्यंत नेणारी वाटच नव्हती.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने अशा घटना कळवण्याची योजना आखली. अडचण अशी, की परवान्यावर कारवाई करणारे आणि चुकांची कबुली मागणारे खाते एकच होते. त्यामुळे १९७६ मध्ये हे काम नासाकडे सोपवण्यात आले. नासाला कोणालाही शिक्षा करण्याचा अधिकार नाही. आलेल्या निवेदनातून नाव आणि ओळख पटवणारे तपशील काढून टाकले जातात. चूक अजाणता झाली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर ठरलेल्या अटींवर दंड माफ होतो. अपघात आणि गुन्हे यांना ही सवलत नाही. निवेदनांतून हाती आलेले धडे ‘कॉलबॅक’ या मासिक पत्रकातून सर्वांपर्यंत पोहोचतात. ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळे ठेवल्याने भीती कमी होते, तर पत्रकामुळे आपले म्हणणे वाया गेले नाही हे दिसते.

कारखान्यात याची सर्वांत ठळक पद्धत टोयोटाची. जुळणीच्या ठिकाणी कामगाराला काही बिघडलेले दिसले, की तो जवळची दोरी ओढतो. टीम लीडर लगेच तिथे येतो आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोष पुढे ढकलण्यापेक्षा काम थांबवणे योग्य, हे तिथे गृहीत आहे. म्हणून दोरी ओढणाऱ्याला जाब विचारला जात नाही. कामगारांच्या सुधारणा मागवणारी सूचना योजना याच कंपनीत १९५१ पासून चालू आहे. सूचना छोटी असली तरी चालते. ती पाहिली जाणे आणि तिला उत्तर मिळणे महत्त्वाचे.

अभिप्राय वाढू लागला की तक्रारींचा आकडाही वाढतो आणि इथेच व्यवस्थापन बिचकते. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमधील औषधांच्या चुका अभ्यासल्या. ज्या गटांचे नेतृत्व चांगले, तिथे चुकांची नोंद कमी असेल अशी अपेक्षा होती. ती जास्त निघाली. त्या गटांत चुका बोलून दाखवता येत होत्या, हे त्याचे संभाव्य कारण होते. म्हणून शून्य तक्रारींचा अहवाल आला, की समाधान मानण्याआधी लोक बोलतात का, हे तपासावे.

लहान कार्यालयालाही हे जमते. ‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘गेल्या आठवड्यात कोणते काम पुन्हा करावे लागले?’ असे विचारले तर नेमकी माहिती मिळते. बैठकीत वरिष्ठांनी आपले मत शेवटी मांडावे. साहेबांचा कल कळल्यावर वेगळे बोलणे अवघड होते. अभिप्रायाची चर्चा पगारवाढीच्या चर्चेपासून वेगळी ठेवावी. पाच-सहा जणांच्या विभागात निनावी पत्रही अक्षरावरून आणि तपशिलावरून ओळखू येते, तेव्हा गुप्ततेचे आश्वासन पाळता येईल एवढेच द्यावे. प्रत्येक सूचनेवर ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. नकार असेल तर कारणासह.

काही बाबी मात्र अभिप्रायाच्या कक्षेत बसत नाहीत. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. गैरव्यवहार कळवणाऱ्याला संरक्षण देणारी यंत्रणा २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांवर बंधनकारक केली आहे. हे मार्ग कर्मचाऱ्यांना रुजू होतानाच समजावून सांगावेत. सूड उगवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली आणि ती सर्वांना कळली, तरच या सगळ्या व्यवस्थेवर विश्वास बसतो.