राहण्यास मुभा, राबण्यास मज्जाव

१ जानेवारी २०१४ रोजी सकाळी लंडननजीकच्या ल्यूटन विमानतळावर पार्लमेंटचे दोन सदस्य रुमानियाहून येणाऱ्या विमानाच्या स्वागतास हजर होते : मजूर पक्षाचे कीथ वाझ आणि हुजूर पक्षाचे मार्क रेकलेस. रुमानिया व बल्गेरिया या देशांच्या नागरिकांवर ब्रिटनने सात वर्षे लादलेले नोकरीविषयक निर्बंध त्या दिवशी संपुष्टात आले होते, आणि आता लोंढे येणार अशी हाकाटी काही वृत्तपत्रांनी आधीपासूनच चालविली होती. लोंढा आला नाही. विमानातून उतरलेले बहुतेक लोक ब्रिटनमध्येच काम करणारे होते. नाताळ घरी साजरा करून ते परतत होते! ज्यांना रोखण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते निर्बंधांच्या काळातच तेथे येऊन राबत होते.

या विसंगतीचे मूळ २००४ मध्ये आहे. त्या वर्षी पोलंडसह पूर्व युरोपातील आठ देश युरोपीय संघात आले, तेव्हा ब्रिटनने आपला श्रमबाजार त्यांना खुला केला. वर्षाकाठी पाच ते तेरा हजार माणसे येतील, असा अंदाज सरकारसाठी तयार केलेल्या अहवालात होता. जर्मनीने दार लावून घेतले आणि ब्रिटनमध्ये काही वर्षांतच लाखो लोक दाखल झाले. साहजिकच १ जानेवारी २००७ रोजी रुमानिया व बल्गेरिया संघाचे सदस्य झाले, तेव्हा सरकारने हात आखडता घेतला. तसा अधिकार प्रवेशाच्या करारानेच जुन्या सदस्यांना दिला होता : आधी दोन वर्षे, मग तीन, आणि श्रमबाजारात गंभीर बिघाड दिसत असेल तर आणखी दोन.

मात्र निर्बंध घालता येत होते ते नोकरीवर. येण्यावर किंवा राहण्यावर नव्हे. रुमानियाचा नागरिक पासपोर्ट दाखवून लंडनमध्ये उतरू शकत होता, खोली भाड्याने घेऊ शकत होता. परंतु कोणाची चाकरी करावयाची तर बहुतेकांना परवान्याचे जांभळे कार्ड लागे. एक वाट तेवढी मोकळी होती. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास परवाना नको होता. मग काय व्हायचे ते झाले. विटा वाहणारा, भिंती रंगविणारा मजूर कागदोपत्री ‘व्यावसायिक’ झाला. व्यावसायिकास किमान वेतनाचा कायदा लागू नसतो, पगारी रजा नसते, आजारपणाचा पगार नसतो. स्थानिक कामगाराची मजुरी घसरू नये म्हणून केलेल्या नियमाने, त्याच्याहून स्वस्तात राबवून घेता येईल असा मजूर मुकादमाच्या हाती दिला, असेच म्हणावे लागेल.

शेतमजुरांची गत निराळी नव्हती. हंगामी शेतमजुरांची योजना २००८ पासून याच दोन देशांसाठी राखून ठेवण्यात आली. पुढे तिचा वार्षिक कोटा २१,२५० होता. सलग बारा महिने परवान्यावर काम केले की परवान्याच्या जाचातून सुटका होई. परंतु हंगामी कार्डाची मुदत जास्तीत जास्त सहा महिने! स्ट्रॉबेरी खुडणाऱ्यांना ती सुटका केवळ त्या कार्डावर कधीच मिळणार नव्हती.

याच काळात गोव्यातील अनेक कुटुंबे स्विंडन व साउथॉल येथे स्थायिक होत होती. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते, आणि पोर्तुगाल हा संघाचा जुना सदस्य. त्यामुळे मडगावच्या तरुणाला विनापरवाना मिळणारी नोकरी बुखारेस्टच्या तरुणाला मिळत नव्हती. नागरिकत्वाचे कागद असे इतिहासाच्या लहरीवर चालतात. ल्यूटनला गेलेले वाझ हेही मूळच्या गोमंतकीय कुटुंबातलेच.

निर्बंधांच्या समर्थकांची भीती अगदीच निराधार होती, असे मात्र नाही. इंग्लंड व वेल्समध्ये रुमानियात जन्मलेल्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ८० हजार होती, ती २०२१ मध्ये ५ लाख ३९ हजारांवर गेली. शाळा, घरे, दवाखाने यांवर भार पडलाच, आणि २०१६ च्या सार्वमतात त्या असंतोषाचाही वाटा होता. पण हे लोक आता उघडपणे, कायद्याच्या संरक्षणात काम करीत होते. एप्रिल २०२० मध्ये साथीने सर्व वाहतूक थांबली, तेव्हा शेतातला माल कुजू नये म्हणून रुमानियातूनच मजुरांची खास विमाने ब्रिटनला आणावी लागली.

संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनने २०१९ मध्ये सुरू केलेली हंगामी योजना पुढे वाढविली आहे. तिच्यातून नेपाळ, इंडोनेशिया, मध्य आशिया येथील मजूर येतात. मुदत पुन्हा काही महिन्यांचीच, आणि कायम वास्तव्याचा मार्ग नाही. अनेकजण प्रवासासाठी काढलेले कर्ज फेडण्यातच हंगाम घालवितात. आणि रुमानिया? तरुण मनुष्यबळ गमावलेल्या त्या देशाने २०२२ पासून सलग तीन वर्षे दरसाल एक लाख परदेशी कामगारांचा कोटा ठरविला. नेपाळी, श्रीलंकन आणि भारतीय मजूर आता तेथील बांधकामांवर दिसतात. त्यांच्या कामाचा परवाना काढतो तो मालक.