परसांतील पाखरें आणि त्यांच्या मागची भिंत

छायाचित्रांत पाखराच्या मागें काय दिसतें याची चिकित्सा करणें म्हणजे निव्वळ चैन आहे, असें पुष्कळांस वाटतें. पाखरूं स्पष्ट आलें, ओळखूं आलें, कीं काम झालें, असें ते म्हणतात. मला हें मत मान्य नाहीं. आपल्या परसांत येणारीं पाखरें बहुधा लहान व रंगानें साधीं असतात. वटवट्या राखी, शिंपी पाठीवर हिरवट, चिमणी मातकट. झाडोऱ्यांत शत्रूच्या नजरेस पडूं नये यासाठीं हे रंग त्यांच्या कामीं येतात. अशा पाखरामागें दोरीवरचें धुणें, विजेच्या तारा आणि उन्हांत तळपणारा पत्रा एकत्र आला म्हणजे पाहणाराची दृष्टि पत्र्यावर जाते आणि बोटाएवढें पाखरूं हरवतें. मागें शांत, एकरंगी जागा असेल तरच त्याच्या डोळ्यांतील तेज व पिसांची ठेवण आपणांस दिसते.

मात्र ही पार्श्वभूमि मिळवावयाची कशी, यावर माझा कटाक्ष आहे. ती पायांनीं मिळवावी, कोयत्यानें नव्हे.

यांतील शास्त्र अवघड नाहीं. भिंग पाखरावर स्थिर केलें म्हणजे त्याच्या पुढें-मागें थोड्याच अंतरांतील वस्तु रेखीव उमटतात. त्यापलीकडील सर्व कांहीं विरघळत जातें. जास्वंदीवरील शिंजीर आपल्यापासून तीन मीटरांवर आणि भिंत त्याच्या मागें हातभर अंतरावर असेल, तर भिंतीची प्रत्येक भेग छायाचित्रांत येईल. दोन पावलें बाजूस सरून त्याच शिंजिराच्या मागें दहा मीटरांवरील कडुनिंब आणला, तर पानें न दिसतां केवळ हिरवा रंग उरतो. भिंग लांब पल्ल्याचें असून त्याचें द्वार मोठें उघडलेलें असेल, तर हा परिणाम अधिकच. दयाळ जमिनीवर किडे टिपीत असतां उभ्यानें छायाचित्र घेतलें तर मागें माती येते. तेथेंच मांडी घालून बसलें कीं मागें दूरचें कुंपण येतें. (गणवेश मळतो, याबद्दल मातांनीं रागावूं नये.) सकाळच्या कोंवळ्या उन्हांत पाखरूं आणि त्याच्या मागें झाडाची दाट सावली अशी जागा सांपडली, तर चष्मेवाल्याच्या डोळ्याभोंवतालचें पांढरें कडें कसें उठून दिसतें, तें एकदां पाहावेंच.

मोबाइलचें भिंग बारीक असल्यामुळें त्यांत मागचें-पुढचें बहुतेक सारें स्पष्ट येतें. म्हणून त्यांतील यंत्रणा हिशेबानें मागचा भाग पुसट करते, आणि पुष्कळदां शेपटीचें टोकही पुसून टाकते. संगणकावर सबंध पार्श्वभूमि बदलणारेही आहेत. त्यांनीं आपल्या कृतीस चित्र म्हणावें. छायाचित्र म्हणून बक्षिसास पाठवूं नये.

पाण्याचें पसरट मातीचें भांडें ठेवून जवळ एक वाळकी फांदी रोवण्यास माझी हरकत नाहीं. पाखरूं आपखुषीनें येतें, फांदीवर बसतें, पाणी पिऊन जातें. भांडें उथळ असावें व पाणी रोज बदलावें. छायाचित्र मिळालें म्हणून दुसऱ्या दिवशीं तें कोरडें ठेवूं नये.

माझी खरी हरकत आहे ती घरट्यांविषयीं. शिंपी पानांच्या कडांस चोंचीनें भोकें पाडतो, कापसाच्या व कोळिष्टकाच्या तंतूंनीं तीं पानें शिवतो आणि आंत घरटें करतो. हीं पानेंच त्याचें छप्पर आणि तींच त्याचा आडोसा. आतां छायाचित्रांत तीं मध्यें येतात म्हणून कोणी दोन पानें तोडतो, कोणी फांदी सुतळीनें मागें बांधतो. छायाचित्र सुरेख येतें. परंतु जी वाट भिंगास मोकळी झाली ती कावळ्यासही झाली, आणि दुपारचें ऊन उघड्या पिलांवर पडूं लागलें. अंड्यांतून निघाल्यावर सुमारें दोन आठवडे त्या पिलांस तेथेंच राहावयाचें असतें. माणूस जवळ उभा आहे म्हणून आईबाप दूर राहिले, तर तेवढा वेळ चारा नाहीं. बुलबुलाचें वाटीसारखें घरटें काय, शिंजिराची लोंबती पिशवी काय, गोष्ट तीच.

इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील छायाचित्रयुक्त पुस्तक १८९५ सालीं काढलें. त्या काळीं यंत्रें अवजड होतीं व छायाचित्र कांचेवर घ्यावें लागे. पाखरूं नेमकें परत येईल अशी ठाऊक जागा म्हणजे त्याचें घरटेंच. हे बंधु पोंकळ बैलाच्या सोंगांत लपूनही छायाचित्रें घेत. ती अडचण आतां उरली नाहीं. आजचें यंत्र दुरून घेतें आणि एका सेकंदांत अनेक छायाचित्रें घेतें. शिवाय आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यांचीं अंडीं वा घरटीं यांस उपद्रव देणें शिकारीच्या व्याख्येंतच घातलें आहे. या कायद्याच्या कितीतरी आधीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ‘केवढें हें क्रौर्य’ या कवितेंत घायाळ पक्षिणी आणि तिचीं पिलें यांची कथा मराठी मुलांपुढें ठेविली. कॅमेऱ्यानें रक्त सांडत नाहीं हें खरें. पण उघड्या पडलेल्या घरट्याची गत पुष्कळदां तीच होते. ८४ व्या स्तोत्रांत चिमणीस देवाच्या वेदीपाशीं घर मिळतें, तेव्हां आपल्या कुंपणांत तिच्या भावंडांस तेवढें तरी मिळावें.

म्हणून माझी सूचना अशी कीं, शाळेच्या प्रदर्शनांत घरट्याचें कोणतेंही छायाचित्र घेऊं नये, मग तें कितीही सुंदर असो. दुरून, कांहीं न तोडतां घेतलेल्यासही बंदी कां, असें कोणी विचारील. पान तोडलें कीं नाहीं हें छायाचित्र पाहून परीक्षकास कळत नाहीं, आणि एकास बक्षीस मिळालें कीं पुढील वर्षीं दहाजण कुंपणांत हात घालतात. पालकांनींही आपल्या पाल्याची वाहवा करण्यापूर्वीं तो कोठें उभा होता, एवढें अवश्य विचारावें.

शिंप्याची विणीची धामधूम जून ते ऑगस्ट या महिन्यांत अधिक असते, आणि पावसानें वाढलेल्या जास्वंदीच्या कुंपणाची छाटणी नेमकी तेव्हांच निघते. ती सप्टेंबरावर ढकलण्यास माळीबुवांची ना नाहीं. मीं तें विचारून ठेविलें आहे. तोंवर कुंपण अस्ताव्यस्त दिसेल खरें, परंतु छायाचित्रें घेणारांस मागें दाट हिरवा रंग आयताच मिळेल.