पारावरचा पूर्णयोग



खरिपाची मळणी उरकली आणि हरभऱ्याला पाणी दिले, की संध्याकाळी थोडी उसंत मिळते. कुठे पोथी लागते, कुठे भजन रंगते. काही ठिकाणी दहा-बाराजण जमून श्री अरविंदांचा पूर्णयोग वाचतात आणि त्यावर बोलतात. 'हे पंडितांचे काम, आपला काय संबंध?' असे पुष्कळांना वाटते. म्हणून आज बी-बियाणे बाजूला ठेवून याविषयी बोलू.

श्री अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यास नोकरीत होते. १९१० साली ते पाँडिचेरीस गेले आणि १९१४ पासून 'आर्य' मासिकात आपले तत्त्वज्ञान लिहू लागले. त्याचे सार असे, की संसार टाकून मोक्ष शोधायचा नाही. शरीर, प्राण, मन आणि आत्मा या सर्वांची वाढ याच जीवनात, रोजच्या कामातून साधायची. त्यांचा 'द लाइफ डिव्हाइन' हा मोठा ग्रंथ सेनापती बापटांनी मराठीत आणला. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी तुरुंगात गेले, तेच हे पारनेरचे बापट.

आपल्या भाषेत सांगतो. भाताला नत्र, स्फुरद, पालाश सगळे दिले, पण जमिनीत जस्त कमी असेल तर रोप खुरटते. जे कमी, तेच उत्पन्न ठरवते. माणसाचेही तसेच. कष्ट भरपूर, पण विचाराला सवड नाही. अभंग तोंडपाठ, पण जिभेवर ताबा नाही. आपल्यात कमी काय ते ओळखून तिथे खत घालावे, असा मी 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ घेतो.

पाँडिचेरीजवळ २८ फेब्रुवारी १९६८ रोजी ऑरोव्हिलची स्थापना झाली. त्या दिवशी १२४ देशांची माती एका कलशात घातली गेली. पण तिथली जमीन उघडी, तांबडी, धुपलेली होती. राहायला आलेल्यांनी बांध घातले, पाणी अडवले, लाखो झाडे लावली. ध्यानाबरोबर फावडेही चालले, म्हणून आज तिथे रान उभे आहे.

चर्चेची रीत आपल्याला नवी नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीच्या प्रयोगात दीडशे गावांतील मंडळे शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि काय करायचे ते ठरवत. तोच शिरस्ता इथे ठेवावा. एका बैठकीला दोन पानेच वाचावीत. वाचणारा दर वेळी बदलावा. कुणी गुरू होऊ नये. बायाबापड्यांनी दाराआडून ऐकायचे, असे नको. त्यांची कामे आटोपतील अशी वेळ धरावी. शेतमजुरालाही सतरंजीवर तीच जागा द्यावी. उठण्यापूर्वी प्रत्येकाने या आठवड्यात काय करणार ते एका वाक्यात सांगावे आणि पुढच्या खेपेस झाले की नाही ते सांगावे.

हे शेवटचे सर्वांत अवघड. एका गावी बांधावरून सहा वर्षे अबोला धरलेले दोघे भाऊ मंडळात येत. समता म्हणजे सुखदुःखात मन ढळू न देणे, यावर थोरला छान बोलला. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "आप्पा, पुस्तकातली समता ऐकली बाबा. बांधावर कवा येनार ती?" बैठक गप्प झाली. वाद काही त्या रात्री मिटला नाही. मोजणीचा अर्ज अजून पडून आहे. पण सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या दोघांनी समोरासमोर बसून ठरवल्या आणि त्या हंगामात धाकट्याचा गहू वाळला नाही.

तेव्हा मंडळाची परीक्षा घ्यायची तर किती पाने वाचली ते विचारू नका. घरातल्यांना विचारा, या माणसात काही फरक पडला का?

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी पाहू.