कानशीचा मोह

धानाची कापणी आटोपून गावोगावी मंडई भरू लागली, म्हणजे वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांना होळीपर्यंत उसंत कसली ती मिळत नाही. म्हणून झाडीपट्टीत जुने ऑर्गन व पायपेट्या विकत घेऊन घरच्या ओसरीवर त्यांची डागडुजी करणाऱ्या आमच्या वाचकांचा खरा हंगाम पावसाळा हाच होय.

खरेदीस गेलेल्याची दृष्टी प्रथम पॉलिशवर ठरते, आणि विकणाराही नेमके तेच आधी पुसून ठेवतो. भात्याचे चामडे फाटले असेल वा बनात कसरीने खाल्ली असेल, तर त्यामुळे कचरू नये, कारण हे जिन्नस मुळातच नाशवंत असून नव्याने घालता येतात. परंतु ज्या पाटात सूर बसवलेले असतात त्याला तडा गेला असेल किंवा वाळवी लागली असेल, तर सौदा मुकाट्याने सोडून द्यावा. आलापल्लीच्या सागाचा अभिमान आम्हांसही आहे, तथापि त्या सागाची जाड फळी मूळ पाटाच्या जागी ठोकून कोणी आवाज सुधारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. सांधे जोडताना सरसच वापरावा. आधुनिक पांढरा गोंद घट्ट बसतो खरा, पण पुढील कारागिराला तो सांधा लाकूड न फोडता उघडता येत नाही.

आमची मुख्य तक्रार मात्र कानशीविषयी आहे. हातपेटी वारा सुरांतून बाहेर लोटते, तर अमेरिकन बांधणीचा ऑर्गन तो सुरांतून आत ओढतो. साहजिकच कापलेल्या बांध्यांत उभारलेल्या मांडवाची धूळ रात्रभर त्या पितळी जिभांवर साचत जाते, आणि मग एखादा सूर मुका होतो, एखादा किंचित उतरतो. अशा वेळी सूर ओढून काढावेत, त्यांचा क्रम कागदावर मांडावा, मऊ कुंचल्याने ते स्वच्छ करावेत, परत बसवून ऐकावेत. बहुतेकांची तक्रार एवढ्यानेच मिटते. जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो, ही विद्या हस्तगत झालेला नवशिका मात्र शेजारच्या कीबोर्डाशी मेळ घालण्यासाठी सगळा संच कानशीखाली घालतो. गेलेले पितळ परत येत नाही, आणि पातळ झालेली जीभ ऐन प्रवेशात तुटते. वास्तविक कीबोर्डाची पट्टी सूक्ष्म प्रमाणात सरकवण्याची तजवीज पुष्कळ यंत्रांत असते. जे क्षणात हलते ते हलवावे, हा साधा व्यवहार आहे.

आता रंध्याविषयी. श्रावणात लाकूड फुगून पट्ट्या अडकू लागल्या, की त्यांच्या कडा तासण्याची घाई होते. पण त्याच पट्ट्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सुकून खुळखुळतात. वाद्य काही दिवस कोरड्या खोलीत ठेवावे, आणि तरीही पट्टी अडलीच तर तिला वाट दाखवणाऱ्या खिळ्याभोवतीची बनात चिमट्याने हलकेच दाबून सैल करावी.